चार बटणं, एक घंटा : प्रश्नमंजूषेच्या बझरमधून शिकूया ‘इंटरप्ट’



शाळेत प्रश्नमंजूषा म्हटली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, “सर, आम्ही आधी दाबलं होतं!” मग बझर लावला जातो, कारण यंत्र पक्षपात करत नाही असा आपला सगळ्यांचा विश्वास असतो. पण खरंच करत नाही का? मायक्रोकंट्रोलरवर घाईघाईत लिहिलेला चार बटणांचा प्रोग्राम पहिल्या टेबलावरच्या गटाला नकळत झुकतं माप देऊ शकतो. दिवा लागतो, आवाज येतो, आणि मुलांना वाटतं की निकाल अचूक आहे.

म्हणून आजच्या पाठात आपण चार बटणांचा बझर घेऊन ‘इंटरप्ट’ ही कल्पना समजून घेणार आहोत. उदाहरणासाठी आर्डुइनो उनो हा बोर्ड घेतला आहे. अनेक शाळांच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये तो असतो. त्यावरची मुख्य चिप आहे एटीमेगा ३२८पी. सातवी-आठवीच्या पुढच्या मुलांना हा पाठ दोन तासिकांत नीट करता येतो.

पाठाची उद्दिष्टे

१) सतत विचारत राहणे आणि हाक आल्यावर धावून जाणे यांतला फरक मुलांना सांगता यावा.
२) अनेक बटणांना एकच इंटरप्ट असेल तर नेमकं कोणतं बटण दाबलं हे शोधता यावं.
३) ‘पहिला कोण’ या प्रश्नाचं उत्तर यंत्र कसं ठरवतं, ते मुलांनी तपासून पाहावं.

इंटरप्ट म्हणजे काय?

स्वयंपाकघरात चला. गॅसवर पातेल्यात दूध ठेवलंय. आपण भाजी चिरता चिरता दर मिनिटाला मान वळवून बघतो, दूध वर आलं का? मध्येच फोन आला, दोन मिनिटं बोलण्यात गेली, की दूध ओट्यावर. ही झाली सतत विचारण्याची पद्धत. तिला ‘पोलिंग’ म्हणतात.

आता तेच दूध शिट्टीच्या दूध कुकरमध्ये ठेवा. आपण निवांत भाजी चिरतो. शिट्टी वाजली की सुरी खाली ठेवतो, गॅस बंद करतो, आणि जिथे थांबलो होतो तिथून पुन्हा चिरायला लागतो. ही शिट्टी म्हणजे इंटरप्ट. शिट्टी ऐकून केलेलं छोटंसं काम म्हणजे ‘इंटरप्ट सर्व्हिस रूटीन’, थोडक्यात आयएसआर.

मायक्रोकंट्रोलर अगदी हेच करतो. मुख्य प्रोग्राम चालू असताना पिनवर बदल झाला, की हातातली सूचना पूर्ण करतो, कुठे होतो ते लक्षात ठेवतो, आयएसआर चालवतो आणि परत येतो. उनोचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं आहे, म्हणजे एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा. हाकेला प्रतिसाद द्यायला या चिपला किमान ४ ठोके लागतात, म्हणजे पाव मायक्रोसेकंद. त्यानंतर हातातल्या संख्या जपून ठेवण्यात आणखी थोडा वेळ जातो. तरी सगळं मिळून काही मायक्रोसेकंदांतच उरकतं.

साधा प्रोग्राम अन्याय कुठे करतो?

मुलं पहिल्यांदा जो प्रोग्राम लिहितात तो साधारण असा असतो: गट १ चं बटण दाबलंय का? असेल तर गट १ विजयी. नसेल तर गट २ चं बघ, मग ३, मग ४. शेवटी पडद्यावर काहीतरी दाखव, अर्धा सेकंद थांब, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू कर.

आता गंमत बघा. प्रोग्राम त्या अर्ध्या सेकंदाच्या ‘थांब’मध्ये अडकलेला असताना गट ३ ने बटण दाबून धरलं आणि त्यानंतर पाव सेकंदाने गट १ ने दाबलं. प्रोग्राम जागा होतो तेव्हा त्याला दोन्ही बटणं दाबलेली दिसतात. तो पहिल्यांदा विचारतो गट १ ला! निकाल लागतो, गट १ विजयी. गट ३ ची मुलं ओरडतात आणि आपण म्हणतो, “यंत्र खोटं बोलेल का?” यंत्र खोटं बोललेलं नाही. ते गेलं फक्त आपण लिहिलेल्या क्रमाने.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रोग्राममध्ये दुसरं काहीच काम नसेल, तर चार पिना एकामागून एक वाचायला काही दशक मायक्रोसेकंदच लागतात, आणि प्रश्नमंजूषेला तेवढं पुरतं. अडचण येते ती पडदा, आवाज, थांबा अशी कामं वाढली की. म्हणून “इंटरप्ट भारी, पोलिंग वाईट” असं मुलांना शिकवू नका. “माझा प्रोग्राम जास्तीत जास्त किती वेळ बहिरा असतो?” हा प्रश्न विचारायला शिकवा.

दोन स्वतंत्र घंटा, पण गट तर चार

उनोवर ‘बाह्य इंटरप्ट’ म्हणून स्वतंत्र घंटा असलेल्या पिना दोनच आहेत, क्रमांक २ आणि ३. ‘अटॅच-इंटरप्ट’ ही नेहमीची सूचना उनोवर याच दोन पिनांसाठी चालते. शिवाय दोन्ही हाका एकदमच प्रलंबित असतील, तर चिप आधी पिन २ ची हाक घेते. म्हणजे इथेही रांग ठरलेलीच आहे.

पण आपल्याला चार गट हवेत. त्यासाठी चिपमध्ये दुसरी सोय आहे. तिचं नाव ‘पिन चेंज इंटरप्ट’, म्हणजे पिन बदलाची हाक. ही सोय उनोच्या डिजिटल पिना ० ते १३ आणि अॅनालॉग पिना ए० ते ए५ या सगळ्यांवर आहे, पण घंटा मात्र तीनच:

• डिजिटल ८ ते १३ : पहिली घंटा
• ए० ते ए५ : दुसरी घंटा
• डिजिटल ० ते ७ : तिसरी घंटा

म्हणजे सहा-आठ पिनांमध्ये एक घंटा सामाईक. ती वाजली की एवढंच कळतं, “या गटातल्या कुठल्यातरी पिनेवर काहीतरी बदललं.” कोणत्या पिनेवर, ते कळत नाही. बटण दाबलं की सोडलं, तेही कळत नाही.

शिपाईमामा आणि चार वर्ग

मुलांना हे असं सांगा. व्हरांड्यात चार वर्ग आहेत. चारही वर्गांचं दार उघडलं किंवा बंद झालं की कार्यालयात एकच घंटा वाजते. शिपाईमामांना घंटा ऐकू आली. कोणत्या वर्गाने बोलावलं? मामा व्हरांड्यात येऊन बघतात तर दोन दारं उघडी. पण मामांना आठवतं, सहावीचं दार तर मघापासूनच उघडं होतं. मघाशी बंद होतं आणि आत्ता उघडलं ते आठवीचं. म्हणजे बोलावणं आठवीचं.

मामांनी काय केलं? आधीचं चित्र लक्षात ठेवलं, आत्ताचं चित्र एका नजरेत पाहिलं, आणि दोन्हींतला फरक काढला. अनेक पिनांचा इंटरप्ट हाताळण्याचं सगळं मर्म या तीन पायऱ्यांत आहे.

फरक काढायचा कसा?

चार बटणं ८, ९, १०, ११ या पिनांना जोडा. दुसरं टोक ग्राउंडला. पिना ‘इनपुट पुलअप’ ठेवा, म्हणजे बटण मोकळं असताना पिन १ वाचते आणि दाबलं की ०. मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: दाबलं = ०.

चिपमध्ये या चार पिना एकाच कप्प्यात शेजारी शेजारी असतात, त्यामुळे चौघींची अवस्था एकाच वाचनात मिळते. उजवीकडचा पहिला अंक पिन ८ चा (गट १), त्याच्या डावीकडचा पिन ९ चा (गट २), असं पुढे. समजा गट २ ने बटण दाबलं:

आधीचं चित्र : ११११
आत्ताचं चित्र : ११०१
बदल (एक्सॉर) : ००१०

एक्सॉरचा नियम सोपा आहे. दोन्ही अंक सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. जिथे १ आला तिथे बदल झाला. आता हा बदल दाबण्याचा की सोडण्याचा? ज्या जागी बदल झालाय आणि आत्ता ० आहे, तिथेच बटण दाबलंय. म्हणून बदलाच्या संख्येची आणि आत्ताच्या चित्राच्या उलट संख्येची ‘अँड’ क्रिया करायची. उत्तर ००१०, म्हणजे गट २.

दशमान पद्धतीत या उत्तराच्या किमती पाहा. गट १ साठी १, गट २ साठी २, गट ३ साठी ४, गट ४ साठी ८. आणि उत्तर ३ आलं तर? ३ म्हणजे ००११, म्हणजे गट १ आणि गट २ एकाच चित्रात दाबलेले सापडले. म्हणजे बरोबरी! उत्तर १, २, ४, ८ असेल तर विजेता एकच. शून्य सोडून दुसरं काहीही आलं तर बरोबरी. गणिताच्या तासाला द्विमान पद्धत कशासाठी शिकायची, असं विचारणाऱ्या मुलांना हे उत्तर आवडतं.

जोडणी आणि प्रोग्रामचा क्रम

चार गटांचे एलईडी ४ ते ७ या पिनांवर, प्रत्येकाला २२० ओहमचा रोधक. बझर पिन ३ वर. सूत्रसंचालकाचं ‘सुरू’ बटण पिन २ वर. हे बटण मुख्य प्रोग्राममध्ये साधं वाचलं तरी चालतं, कारण तिथे घाई नाही. प्रत्येक बटणाला इंटरप्ट लागत नाही, हेही मुलांनी शिकायला हवं.

(चिपमधल्या नोंदवह्यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रोग्राममध्ये ती इंग्रजी मोठ्या अक्षरांत टाइप करावीत.)

१) ‘सुरू’ दाबल्यावर चारही बटणं मोकळी आहेत ना ते तपासा. एखाद्याने आधीच बोट दाबून ठेवलं असेल तर फेरी सुरूच करू नका.
२) आधीच्या चित्रात आत्ताची अवस्था भरा आणि निकाल ० करा.
३) जुनी शिल्लक हाक पुसा. त्यासाठी ‘पीसीआयएफआर’च्या पहिल्या अंकात १ लिहावा लागतो. हो, पुसण्यासाठी १!
४) ‘पीसीएमएसके०’ मध्ये १५ लिहा. १५ म्हणजे ११११, म्हणजे या चार पिनांकडेच लक्ष दे. ‘पीसीआयसीआर’चा पहिला अंक १ केला की पहिली घंटा सुरू होते.
५) आयएसआरमध्ये आत्ताचं चित्र एकदाच वाचा, बदल काढा, दाबलेले गट काढा. उत्तर शून्य नसेल तर ते निकालात ठेवा आणि ‘पीसीएमएसके०’ शून्य करा, म्हणजे घंटा बंद. शेवटी आत्ताचं चित्र हेच आधीचं चित्र करा.
६) मुख्य प्रोग्रामने निकाल शून्य नाही असं पाहिलं की दिवा लावावा, बझर वाजवावा.

पहिली पायरी गाळू नका. बटण आधीपासून दाबलेलं असेल तर सोडताना त्याची पट्टी थरथरते आणि ती थरथर ‘दाबलं’ म्हणून नोंदली जाऊ शकते.

आयएसआरची पथ्यं

• काम छोटं ठेवा. शिट्टी ऐकून गॅस बंद करायचा, तिथेच खीर करायला बसायचं नाही. दिवा, बझर, पडदा ही कामं मुख्य प्रोग्रामची.
• आत ‘डिले’ वापरू नका. आयएसआर चालू असताना बाकीच्या हाका अडवलेल्या असतात. मिलिसेकंद मोजणारं घड्याळही अशाच एका हाकेवर चालतं, म्हणून तेही तेवढा वेळ पुढे सरकत नाही.
• आयएसआर आणि मुख्य प्रोग्राम दोघेही वापरतात त्या चलाला ‘व्होलाटाइल’ लावा. नाहीतर संकलक जुनीच किंमत धरून बसू शकतो.
• चित्र एकदाच घ्या. चार पिना चार वेळा वाचल्या की पुन्हा क्रम आला, आणि क्रम आला की पक्षपात आला.
• ही चिप ८ बिटांची आहे. वेळेसारखी चार बाइटची संख्या ती तुकड्यातुकड्याने वाचते. मध्येच आयएसआरने ती बदलली तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी संख्या हाती येते. म्हणून मुख्य प्रोग्राममध्ये अशी संख्या वाचताना क्षणभर इंटरप्ट थांबवा, प्रत काढा, पुन्हा सुरू करा.

बटणाची थरथर

आपल्याला वाटतं बटण एकदा दाबलं. धातूच्या पट्ट्यांना तसं वाटत नाही. त्या एकमेकींवर आपटून काही मिलिसेकंद थरथरतात, आणि चिप इतकी चपळ की तिला तो प्रत्येक झटका वेगळा दिसतो. याला ‘बाउन्स’ म्हणतात. आपल्या बझरमध्ये पहिल्या दाबण्यानंतर घंटाच बंद होते, म्हणून ही अडचण येत नाही. पण तेच बटण वापरून माणसं मोजायची असतील, तर एका दाबण्यानंतर २० ते ५० मिलिसेकंद त्या बटणाकडे दुर्लक्ष करावं लागतं.

सभागृहात वायरी लांब असतील तर आणखी एक काळजी घ्या. चिपच्या आतला पुलअप रोधक २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे तसा दुबळा असतो. लांब वायरीत आजूबाजूचा विद्युत गोंगाट शिरतो आणि कोणी न दाबताच घंटा वाजू शकते. प्रत्येक पिनेपासून ५ व्होल्टकडे ४.७ किलोओहमचा रोधक बाहेरून जोडा, आणि पिन व ग्राउंड यांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. चारही गटांना सारखेच भाग वापरा. इथेही न्याय हवाच!

करून पाहा : बझरची परीक्षा

या पाठातला हा सगळ्यात महत्त्वाचा उपक्रम आहे. एकच बटण घ्या आणि त्याच्या एका टोकाला पिन ८ आणि पिन ९ या दोन्हींच्या वायरी जोडा. आता ते दाबलं की दोन्ही गटांनी अगदी एकाच क्षणी दाबलं असं होतं. खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे: बरोबरी.

आधी अर्ध्या सेकंदाच्या ‘थांब’वाला साधा प्रोग्राम चालवा. वीस वेळा दाबा. जवळजवळ प्रत्येक वेळी गट १ जिंकेल. मग इंटरप्टचा प्रोग्राम घाला. आता उत्तर ३ यायला हवं, म्हणजे बरोबरी. अशा जोड्या एकूण सहा होतात. मुलांकडून सहाही तपासून घ्या आणि तक्ता करायला लावा. ज्या यंत्राकडून निकाल घ्यायचा, त्याची परीक्षा आधी घ्यायची, ही सवय इथून लागते.

मग बरोबरीचं काय?

आयएसआर चित्र घेईपर्यंतच्या काही मायक्रोसेकंदांत दोघांनी दाबलं तरच आपला प्रोग्राम बरोबरी म्हणतो. असं क्वचितच होईल. पण विचार करा, एका गटाच्या बटणाची स्प्रिंग थोडी कडक असेल तर तेवढ्यानेच काही मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो. मग ५० मायक्रोसेकंदांनी ‘जिंकलेल्या’ गटाला विजयी म्हणायचं का?

पुढची पायरी म्हणून मोठ्या मुलांना हे करायला द्या. पहिल्या दाबण्यानंतर घंटा लगेच बंद न करता आणखी ५ मिलिसेकंद चालू ठेवा. प्रत्येक गटाची वेळ ‘मायक्रोज’ने नोंदवा (उनोवर ती ४ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी वाढते), पण त्या गटाची आधी नोंद झाली नसेल तरच. दोन नोंदींतला फरक ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर बरोबरी आणि नवा प्रश्न. ती मर्यादा १ मिलिसेकंद ठेवायची की ५, यावर वर्गात चर्चा घ्या. हा आकडा चिप सांगणार नाही. तो आपणच ठरवायचा, आणि स्पर्धेच्या आधी सगळ्यांसमोर जाहीर करायचा.

दुसरा बोर्ड असेल तर?

आर्डुइनो मेगावर स्वतंत्र घंटा असलेल्या पिना सहा आहेत: २, ३, १८, १९, २० आणि २१. ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय पिको यांवर जवळपास कोणत्याही पिनेला ‘अटॅच-इंटरप्ट’ लावता येतो, त्यामुळे प्रत्येक पिनेला स्वतःची घंटा आहे असं वाटतं. पण आत तिथेही अनेक पिनांची हाक एकाच वाटेने येते आणि कोणती पिन ते लायब्ररी शोधते. शिपाईमामा तिथेही आहेत, फक्त आपल्याला दिसत नाहीत.

उनोवर ‘सॉफ्टवेअर-सिरीयल’ ही लायब्ररी वापरत असाल (ब्लूटूथ मॉड्यूलसाठी मुलं नेहमी वापरतात) तर तीही याच सामाईक घंटा स्वतःकडे घेते. दोन्ही एका प्रोग्राममध्ये घातले की संकलनातच चूक दाखवली जाते. अशा वेळी मुलांचा कोड पुन्हा पुन्हा तपासण्यात वेळ घालवू नका.

मुलांना विचारा

१) आधीचं चित्र १११०, आत्ताचं १०१०. कोणी काय केलं? (उत्तर : गट ३ ने बटण दाबलं. गट १ चं आधीपासून दाबलेलं होतं.)
२) आधीचं ११०१, आत्ताचं ११११. घंटा वाजेल का? विजेता कोण? (उत्तर : घंटा वाजेल, पण विजेता नाही. गट २ ने बटण सोडलं आहे.)
३) निकालात १० ही संख्या आली. अर्थ काय? (उत्तर : द्विमानात १०१०, म्हणजे गट २ आणि गट ४ यांची बरोबरी.)

पालकहो, घरी बोर्ड नसला तरी शिपाईमामांचा खेळ चार वाट्यांवर खेळता येतो. मुलाने डोळे मिटायचे, आपण एखादी वाटी उलटी-सुलटी करायची आणि टाळी वाजवायची. डोळे उघडून त्याने सांगायचं, काय बदललं. दोन वाट्या एकदम बदलून बघा. “दोन्ही!” असं उत्तर आलं, तर समजा पाठ कळला.